बादलीतलं पहिलं पाणी

माझे सासरे बसत नाहीत. खुर्चीवर टेकतात, पण त्याला बसणं म्हणता येणार नाही. टेकल्या टेकल्या त्यांना कपाच्या कानात अडकलेला डाग दिसतो, तोटीवरचा पांढरा क्षार दिसतो, माझ्या चष्म्याच्या काचेवरचं बोट दिसतं, आणि ते उठतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, नव्या सुनेची परीक्षा घेतायत. वर्षभराने कळलं की हा माणूस दाराच्या कडीशीही तसाच वागतो.

ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते आणि काम होतं काच धुण्याचं. एकतीस वर्षं त्यांनी बीकर, परीक्षानळ्या आणि पोटाशी धरून उचलाव्या लागतील एवढ्या बरण्या धुतल्या. 'लख्ख' हा त्यांचा लाडका शब्द, म्हणून तिथे सगळे त्यांना लख्खकाका म्हणायचे, विभागप्रमुखसुद्धा. काच धुतली की उजेडात तिरकी धरायची. पाणी एकसंध पदरासारखं उतरलं तर काच स्वच्छ. एक थेंब जरी लटकून राहिला तरी पुन्हा सोडा, पुन्हा ब्रश, पुन्हा पाणी. हीच परीक्षा घरी माझ्या ताटांची व्हायची. मी भांडी पालथी घातली की मागून येऊन एकेक ताट खिडकीकडे धरायचे. तोंडाने चकार शब्द नाही, नापास ताट नुसतं परत मोरीत नेऊन ठेवायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सासूबाई होत्या तोवर त्यांना थांबवणारं एक माणूस होतं. त्या खोलीतून नुसतं "पुरे" म्हणायच्या आणि हे फडकं खाली ठेवायचे. त्या गेल्यावर मी एकदा "पुरे" म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा तो शब्द मी उच्चारला नाही. नवऱ्याचं काम बाहेरगावी यंत्रं बसवण्याचं, तो पंधरा दिवसांतून एकदा उगवणार. म्हणजे घरात मी आणि सासरे, आणि ह्यांचे शिवशिवणारे हात.

त्यांची एक रीत मात्र सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कुठलंही भांडं धुताना त्याचं पहिलं पाणी ते मोरीत ओतत नसत. पहिली विसळणी कायम साध्या पाण्याची. सोडा लागायचा दुसऱ्या पाण्याला. पहिलं पाणी झाकणाच्या बादलीत जायचं, झाकणावर तारीख आणि टेबलाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, आणि बादली शनिवार दुपारपर्यंत ओट्याखाली. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी वरच्या मदतनिसाने एक भांडं विसळलं आणि तळाला चिकटलेली चिमूटभर भुकटी गटारात गेली. ती भुकटी म्हणजे एका माणसाची चार महिन्यांची मेहनत होती. मोरीची नळी उघडून कोपरापर्यंत हात घालायचं काम नव्या माणसाकडे, म्हणजे ह्यांच्याकडे आलं. दोन दिवस शोधून हाती चिखलाशिवाय काही लागलं नाही. तेव्हापासून ह्यांनी कानाला खडा लावला. शनिवारपर्यंत कुणी काही मागायला आलं नाही तर बादली ओतायची. एकतीस वर्षांत कुणीही आलं नव्हतं, आणि लख्खकाकांचं पहिलं पाणी हा कॉलेजातला जुना विनोद होऊन बसला होता.

निवृत्तीला चार महिने राहिले होते तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत एक संशोधक मुलगी काम करत होती. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण हे तिला ताई म्हणायचे आणि ती ह्यांना काका. तिने खिडकीतल्या टेबलावर बरण्यांच्या चार जोड्या मांडल्या होत्या. प्रत्येक जोडीत एक बरणी काळी, तळ्याच्या चिखलाने भरलेली, वरून घट्ट बंद. दुसरी हिरवी, पाण्यात वाढवलेल्या शेवाळाची, उन्हाकडे तोंड करून. दोन्हींत शिसपेन्सिलीतल्या शिशाची असते तशी, पण अंगठ्याएवढी जाड कांडी, आणि कांड्यांना जोडणारी तार. तारेवर वीज मोजणारा काट्याचा मीटर आणि आकडे दाखवणारं एक छोटं घड्याळ.

जेवताना ते मला समजावून सांगायचे. चिखलातले बारीक जीव खातात आणि खाता खाता वीज सोडतात, ती कांडी टिपून घेते आणि तारेत ढकलते. पलीकडे शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि तो आलेली वीज उचलून घेतो. शेवाळ फार दाट झालं की थोडं काढून चिखलालाच खायला घालायचं. मी विचारलं, ह्याच्यावर मिक्सर चालेल का? ते म्हणाले, एक इवलंसं घड्याळ चालतं. मी म्हटलं, म्हणजे वेळ तरी कळेल, वीज कधी येणार त्याची. त्यांना हसू आलं नाही. ढग आला की काटा खाली येतो आणि ऊन पडलं की वर चढतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. हिरव्या बरण्या दिवसातून दोनदा हलवायचं काम मुलीने त्यांना दिलं होतं आणि ते त्याबद्दल नातवंडाबद्दल बोलावं तसं बोलत. काळ्या बरण्या मात्र त्यांच्या डोळ्यांत सलायच्या. काचेला आतून बुळबुळीत थर धरला होता. सत्तर दिवस त्या तशाच होत्या आणि सत्तर दिवस हा माणूस त्यांच्या शेजारून जात होता.

गुरुवारी तपासणी समिती येणार होती. तिने होकार दिला तर मुलीचं काम पुढे चालणार. नाही तर टेबल दुसऱ्या कुणाला आणि तिने नवा विषय शोधायचा. आदल्या रविवारी सुट्टी असूनही हे सकाळी बाहेर पडले. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, एक सकाळ माझी ताटं सुटली. दुपारी परत आले ते खुशीत. दोन घास जास्त जेवले आणि म्हणाले, "लख्ख केलंय सगळं. पाहुणे बघत राहतील."

हिरव्या बरण्यांवर मुलीने 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावली होती, म्हणून त्यांना ह्यांनी बोट लावलं नाही. काळ्यांवर चिठ्ठी नव्हती. चिखलाला हात लावावासा वाटेल असा माणूस जगात असेल, हे त्या बिचारीच्या ध्यानीमनीही नसणार. ह्यांनी तारा कुठून कुठे जातात ते तळहातावर पेनाने काढून घेतलं, चारही बरण्या उघडल्या, चिखल काढला, काच घासली. कांड्यांवर कातडीसारखा लालसर चिकट थर आला होता. तोही ब्रशने घासून काढला, कांड्या नव्यासारख्या काळ्याभोर केल्या. मग मुलीच्या डब्यातला ताजा चिखल भरून, झाकणं आवळून, तळहातावर बघून तारा जोडल्या. सोमवारी ती आली आणि म्हणाली, काका, काचा किती छान पुसल्यात. ती तिकडे आभार मानत होती आणि इकडे काटा शून्यावर होता.

तीन दिवस ती डोकं धरून बसली होती. शनिवारी घातलेलं शेवाळ जास्त झालं का, झाकण सैल राहिलं का, आपलंच काहीतरी चुकलं. हे येऊन सांगायचे, ताई जेवत नाहीत, आणि माझ्याकडून तिच्यासाठी जास्तीचा डबा न्यायचे. गुरुवारी समिती आली. हे चहाचा ट्रे घेऊन मागे उभे. घड्याळ कोरं होतं. समितीतल्या एकाने विचारलं की वीज नेमकी कशामुळे येते, चिखलामुळे का? मुलगी म्हणाली, नुसत्या चिखलाने नाही, कांडीवर त्या जिवांचा जो थर धरतो त्याच्यामुळे, तो धरायला मला सत्तर दिवस लागले. ट्रे हातातून पडला नाही एवढंच. समितीने तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तेवीस दिवस.

त्या संध्याकाळी ते घरी आले आणि चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. चपलांनी कधी उंबरा न ओलांडणारा माणूस. सगळं एका दमात सांगितलं. मग म्हणाले, "उद्या जाऊन सांगतो ताईंना."

आता माझी पाळी. मी नको म्हटलं. गोड शब्दांत नाही, चांगलं ठासून. झालं ते झालं, सांगून थर परत येणार आहे का? चार महिने उरलेत. मोडतोड, नुकसान जिच्यात लिहितात त्या फुटतूट वहीत तुमचं पान कोरं आहे, कोरं पान असणाऱ्याला निवृत्तीनंतर दोन वर्षं वाढवून देतात, आणि विभागप्रमुखांनी तसं तोंडी कबूलही केलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे सगळं मी त्यांच्या भल्यासाठी बोलतेय असा आव आणला. खरं कारण वेगळंच होतं आणि ते मला बोलता बोलताच कळत होतं: हा माणूस दिवसभर घरात, माझ्या मोरीपाशी, हेच मला नको होतं. दोन वर्षं तरी हे ढकलायचं होतं मला. एक परकी मुलगी आपल्या न केलेल्या चुकीपायी उपाशी राहतेय, हे माहीत असून मी असं म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चपला काढल्या.

शुक्रवार कसा गेला ते विचारू नका. पहाटेपासून घरभर घासपूस. त्यांनी नळाची तोटी खोलून घासली, पंख्याची पाती पुसली, सासूबाईंच्या वेळच्या बश्या काढल्या आणि इतक्या घासल्या की दोन बशांवरची निळी फुलं उडाली. फुलं उडाल्यावर त्यातली एक बशी हातात धरून कितीतरी वेळ उभे होते. संध्याकाळी कामावरून आले ते पुन्हा तेच. जेवणात लक्ष नव्हतं. मी दोनदा म्हटलं, अहो बाबा, झोपा जरा. दोन्ही वेळा "हो" म्हणाले आणि दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालायला लागले. मला त्यांचा राग येत होता, आणि राग येतोय याचाही राग येत होता.

शनिवारी ते चष्मा विसरून गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी तो घेऊन दुपारी कॉलेजात गेले. प्रयोगशाळेच्या मागच्या धुण्याच्या खोलीत लांब दगडी ओटा आहे, त्यात दोन खोलगट मोऱ्या, वर ब्रश ओळीने टांगलेले. हे मोरीपाशी पाठमोरे उभे होते. हातात झाकण काढलेली बादली, काठावर टेकवून तिरकी केलेली. काळं पाणी काठाशी आलं होतं. खोलीभर कुजका वास.

मला झटकन कळलं की ती कुठली बादली आहे. रविवारची चिठ्ठी झाकणावर तशीच होती. शनिवारची दुपार, कुणी मागायला आलेलं नाही, रीतीप्रमाणे ओतायची. आणि एकदा ते गटारात गेलं की कसला पुरावा, कसली कबुली. माझ्या मनात आलं, ओता एकदाचं. देवाशपथ आलं. मी दारात चष्मा धरून उभी होते आणि त्या पाण्याच्या काठाकडे बघत होते.

त्यांनी बादली सरळ केली. झाकण लावलं. वळले तर मी. मी इथे कशी, हे विचारलंसुद्धा नाही.

"जड आहे," ते म्हणाले. "त्या बाजूने धर."

मी चष्मा पर्समध्ये टाकला आणि कडीची दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ती बादली बाहेर आणली, पायऱ्या उतरताना माझ्या साडीवर दोन थेंब उडाले आणि ते त्यांना दिसले नाहीत.

मुलगी बरण्यांच्या तारा काढत होती. महिनाअखेरीची वाट न बघता ती आवरायला लागली होती, कारण सत्तर दिवसांचं काम तेवीस दिवसांत होत नाही हे तिला शाळकरी हिशेबानेही कळत होतं. ह्यांनी बादली तिच्या पायाशी ठेवली.

"ताई, कांड्या मी घासल्या. चारही. रविवारी. तुमची काही चूक नाही."

तिने आधी त्यांच्याकडे, मग बादलीकडे पाहिलं. मला वाटलं आता ही ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कशाने घासल्या?" तिने विचारलं. "सोड्याने?"

"नाही. सोडा नंतर. पहिलं पाणी साधंच असतं."

"आणि ते पाणी?"

ह्यांनी बादलीकडे बोट केलं. जुना चिखल, घासून निघालेला थर, सगळं त्यातच होतं, सहा दिवस घट्ट झाकणाखाली. मुलीने झाकण काढलं आणि बाही वर न करता हात आत घातला. कोपरापर्यंत. तळाचा लालसर बुळबुळीत गाळ मुठीत घेऊन वर काढला आणि उजेडात धरला. रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. त्या जिवांना हवा सोसत नाही, ती म्हणाली, उघड्यावर राहिले असते तर संपले असते. तुमच्या झाकणाने राखलेत, काका. जगले असतील तर कांडीवर परत बसायला सत्तर दिवस लागणार नाहीत, बी तयार आहे.

मग हात पुसता पुसता तिने विचारलं, अगदी साधेपणाने, की गुरुवारीच का नाही सांगितलंत. दोन दिवस वाचले असते.

मी तिथेच होते. बादलीच्या कडीचा वळ माझ्या हातावर लाल दिसत होता. ते माझ्याकडे वळले नाहीत.

"धीर झाला नाही," ते म्हणाले.

मी गप्प बसले. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट गप्प बसणं.

त्याच दुपारी त्यांनी फुटतूट वही मागून घेतली आणि आपलं कोरं पान उघडलं. मी चष्मा दिला. वस्तूच्या रकान्यात लिहिलं: चार कांड्यांवरचा थर. नुकसानीच्या रकान्यात: सत्तर दिवस. कारणाच्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं, मग त्यांनी 'स्वच्छता' असं लिहून खाली सही केली. विभागप्रमुखांनी सोमवारी ते वाचलं आणि म्हणे चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माणूस वाईट नव्हता, पण नियम नियम होता. दोन वर्षांच्या वाढीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढचे दिवस म्हणजे नुसती घालमेल. बादलीतला गाळ बरण्यांत गेला होता, कांड्या आत, झाकणं बंद. आता काही करायचं नव्हतं, आणि काही न करणं हे एकच काम त्यांना येत नव्हतं. मुलीने त्यांना स्टुलावर बसवून काट्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. दर तासाला आकडा लिहायचा, बरणीला हात लावायचा नाही. ते हात मांडीखाली दाबून बसायचे, असं तिनेच मला नंतर सांगितलं. घरी आले की मी दारातच विचारायची आणि ते मान हलवायचे. शून्य. शून्य. आठ दिवस शून्य. मी कधी नव्हे ते रात्रीची भांडी दोनदा घासायला लागले.

नवव्या दिवशी ते आले आणि चपला काढण्याआधी म्हणाले, "हलला." बस्स. मुदतीच्या तीन दिवस आधी घड्याळावर आकडे उमटले. समिती परत आली, तिने होकार दिला. चहाचा ट्रे ह्यांच्याच हातात होता.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना हार मिळाला, पेढेवाटप झालं नाही, प्रमाणपत्रावर 'निष्कलंक' हा शब्द नव्हता. मुलीने मात्र एक जोडी बांधून दिली, काट्यासकट. ती आता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. हिरवी बरणी उन्हाकडे, काळी तिच्या मागे. आणि ज्याला मी इतकी घाबरत होते तो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात आहे. ताटं अजूनही खिडकीकडे धरली जातात. पण दहा वाजता ऊन त्या खिडकीत येतं तेव्हा ते स्टूल ओढतात आणि काटा वर जाईपर्यंत तिथे राहतात. कधी अर्धा तास, कधी जास्त.

परवा मी तिथे भाजी निवडत होते. एकदाचं तोंडातून निघालं. "बाबा, त्या दिवशी ताईला माझं नाव का नाही सांगितलंत? मी थांबवलं होतं तुम्हाला."

ते काट्याकडे बघत होते. "तू थांबवलंस," ते म्हणाले, "पण थांबलो मीच ना."

मला हात रिकामे ठेववेनात, म्हणून फडकं उचललं आणि काळ्या बरणीच्या काचेवर गळ्यापासून खालपर्यंत आलेला मातकट ओघळ पुसायला वाकले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "बस जरा."